हाड माझं, आकार धाकटीचा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे आदरणीय अधिष्ठाता, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामं टाकून इथे जमलो त्या आपल्या सत्कारमूर्ती, व्यासपीठावर विराजमान असलेले अस्थिरोग विभागाचे प्रमुख, ज्यांना मी आदराने आणि थोड्या धास्तीने मोठे डॉक्टर म्हणते, क्ष-किरण विभागातली, भूल विभागातली ज्येष्ठ मंडळी, परिचारिका भगिनी, तळघरातले बाईंचे सहकारी, पहिल्या रांगेत बसून आत्तापासूनच रुमाल शोधणारे बाईंचे यजमान, आणि खिडकीजवळ बसलेली माझी आई. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला येताना हळूच बजावलं आहे की थोडक्यात बोला. मी शाळेत भूगोल शिकवते. थोडक्यात बोलण्याची सवय आमच्या धंद्यात कुणाला नसते. तरी प्रयत्न करते.

माझ्याआधी जे बोलले ते सगळे बाईंचे सहकारी. कुणी त्यांच्याबरोबर शोधनिबंध लिहिले, कुणी त्यांच्या हाताखाली शिकले. मी यांतलं काहीच केलेलं नाही. मला इथे बोलावलंय ते एक खुबा म्हणून. म्हणजे बाईंनी आयुष्यभर जे खुबे मोजले, त्यांतल्या एकाने उठून दोन शब्द बोलावेत अशी संयोजकांची कल्पना. खुब्याला बोलायची वेळ आली की कुणीतरी पडलेलं असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

बाईंचं नाव हजेरीपटावर काहीही असो, या इमारतीत त्यांना सगळे उखळबाई म्हणतात. हसू नका, त्यांनाही माहीत आहे. खुब्याच्या सांध्याला आमच्या शाळेच्या पुस्तकात उखळीचा सांधा म्हणतात. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या खोलगट उखळात बसतं, आणि आपण उठतो, बसतो, पळतो. बाई तळघरात बसून माणसांची ही उखळं संगणकावर उतरवतात आणि मग यंत्रातून पांढऱ्या प्लास्टिकमध्ये काढतात. लिफ्टवाले काका त्यांना रोज विचारायचे, "काय बाई, झालं का उखळ पांढरं?" आणि बाई गंभीरपणे सांगायच्या, "पांढरंच येतं हो. दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकचं रीळ आम्हाला देत नाहीत."

मी मुलांना शिकवते की पृथ्वी गोल आहे, पण अगदी गोल नाही. बाईंनी मला शिकवलं की आपल्या मांडीच्या हाडाचं डोकंही तसंच असतं. किंचित चेपलेलं. आणि प्रत्येकाचं चेपलेपण वेगळं. सीटी स्कॅन म्हणजे माणसाचे पातळ काप. प्रत्येक कापावर हाडाची कड शोधायची, तिच्यावर ठिपके देत जायचं, आणि त्या सगळ्या ठिपक्यांवर एक पृष्ठभाग ताणून बसवायचा. आधी साधा गोल बसवून बघायचा: कुठे हाड बाहेर डोकावतंय, कुठे आत राहतंय. मग अंडाकृती बसवायची. मग तीही सोडून खऱ्या हाडाच्या मागे मागे जायचं. यातलं बरंच काम आता संगणक आपणहून करतो. पण जिथे कड धूसर होते तिथे बाई अजूनही चष्मा कपाळावर सरकवून, नाक पडद्याला लागेल इतक्या जवळ जाऊन हाताने ठिपके देतात.

आणि दोन हाडांच्या मध्ये एक काळी फट दिसते. ती रिकामी नसते. तिथे कूर्चा असते, मऊ, गुळगुळीत. पण या चित्रात ती येत नाही. बाई म्हणतात, जे दिसत नाही त्याची जाडी दोन्ही बाजूंच्या हाडांवरून काढायची. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडत होते. का ओरडत होते, तेच सांगायला उभी राहिले आहे.

आम्ही दोघी जुळ्या. मी काही मिनिटं आधी आले. तेवढ्या भांडवलावर मी जन्मभराची थोरली झाले आणि ती धाकटी. घरात आम्हाला याच नावांनी हाक मारत. चेहरे इतके सारखे की शाळेत एकीची शिक्षा दुसरीने भोगलेली आहे. पण आईला आमचे चेहरे लागायचेच नाहीत. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडं, आई ओट्याशी पाठमोरी. जिन्यावर पाऊल वाजलं की ती मान न वळवता म्हणायची, "थोरले, पाय आपटू नकोस." नाहीतर म्हणायची, "धाकटे, आलीस का गं?" तिचं कधी चुकलं नाही.

मी टाचा आपटत चालायची. धाकटी हलकी चालायची, उजवा पाय जरासा रेंगाळायचा. आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती क्षणभर थांबायची. दम लागला म्हणून नव्हे. मी एकदा विचारलं, "दर वळणाला थांबतेस का गं?" तर माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "थांबते का मी?"

अपघाताविषयी मी फार बोलणार नाही. स्कूटर धाकटी चालवत होती, मी मागे होते. समोरून टेम्पो आला. तिच्या डोक्याला लागलं. बाकी अंगावर साधा ओरखडा नव्हता. माझं डोकं शाबूत राहिलं आणि कमरेखाली सगळा चुरा झाला. इथल्या अपघात विभागात आम्हाला एकीमागून एक त्याच यंत्रातून नेलं. डोक्यापासून मांड्यांपर्यंत दोघींचे स्कॅन झाले. ते तेव्हा नुसते नेहमीचे स्कॅन होते. पुढे त्यांचं काय होणार आहे हे कुणाच्याही मनात नव्हतं.

धाकटी थोडे दिवस यंत्रावर श्वास घेत होती. मग गेली. मला ते बऱ्याच उशिरा सांगितलं. माझी शस्त्रक्रिया आधीच एकदा पुढे ढकलली होती आणि मोठ्या डॉक्टरांना माझ्या मनावर आणखी ओझं नको होतं. त्यांचं बरोबरच होतं. पण मी रोज परिचारिकेला विचारायची, "माझी बहीण कशी आहे?" आणि ती म्हणायची, "आधी तुम्ही बऱ्या व्हा." तिला तेव्हा काय वाटत असेल, याचा विचार मी नंतर खूप केला. ती आज या सभागृहात आहे. ताई, तुमच्यावर माझा कधीच राग नव्हता.

शस्त्रक्रिया चांगली झाली. तुकडे जोडले, पट्ट्या बसल्या. अंथरुणावर कित्येक महिने गेले. मग वॉकर, मग कुबड्या, मग काठी. व्यायामाच्या बाई मला म्हणायच्या, तुम्ही चालायला नव्याने शिकताय, लहान मुलासारखं. आणि एके दिवशी संध्याकाळी मी काठी न घेता, कठड्याला धरून, पहिल्यांदा एकटी तीन मजले चढून घरी आले. मला आईला चकित करायचं होतं.

आई ओट्याशी पाठमोरी होती. मी शेवटच्या वळणावर क्षणभर थांबले आणि उरलेल्या पायऱ्या चढले. आतून आवाज आला.

"धाकटे, आलीस का गं?"

मी दारात उभी राहिले. आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. ती वळली नाही. मीही बोलले नाही. ज्यांच्या घरात असं काही घडलं असेल त्यांना कळेल, त्या क्षणी दोघींनाही माहीत होतं की कोण आलंय, आणि दोघींनाही ते बोलायचं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "आई, मी आहे." ती म्हणाली, "हो गं, माहीत आहे." आणि नळ सोडला.

आधी वाटलं, आईला भास होतोय. पण मग मला स्वतःला ऐकू यायला लागलं. मी शाळेत पुन्हा रुजू झाले होते. तास चालू असले की आमचा वरचा व्हरांडा रिकामा असतो. मी नकाशांची गुंडाळी घेऊन त्यातून चालले होते आणि मागून धाकटी येत होती. अगदी स्पष्ट. हलकी पावलं, उजवा पाय जरासा रेंगाळलेला. मी थांबले. ती थांबली. मी चालू लागले, तीही चालू लागली. मी एका मोकळ्या वर्गात शिरून दार लावलं आणि बाकावर बसून राहिले. घंटा झाली, मुलं आली, त्यांनी मला बघितलं आणि गुपचूप जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी माझ्या वर्गात इतकी शांतता होती की मुख्याध्यापकांनी मला बोलावून शाबासकी दिली.

अध्यक्ष महाराज घड्याळाकडे बघतायत, ते मला दिसतंय. थोडं सांभाळून घ्या. बाई गोष्टीत आता येतातच.

घरी मात्र हळूहळू एक विचित्र गोष्ट घडत गेली. आईला त्या पावलांची ओढ लागली. मी यायच्या वेळेला ती ओट्याशी जाऊन पाठ करून उभी राहायची. काम असो वा नसो. मी दारात आले तरी वळायची नाही. मी बोलले की मगच वळायची, आणि वळली की चेहरा पडायचा. एका सुट्टीच्या दुपारी ती मटार सोलत बसली होती. मला म्हणाली, "जरा इकडून तिकडे फेरी मार ना."

"का गं? कुठे जायचंय?"

"कुठे नाही. नुसती मार. पायाला बरं असतं."

मी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. वळून बघितलं तर आईने डोळे मिटले होते. हातात अर्धी सोललेली शेंग. चेहऱ्यावर असं समाधान, जे त्या घरात कितीतरी दिवसांत कुणी बघितलं नव्हतं. मी पुन्हा चालले. पुन्हा. पाय दुखायला लागला तरी चालत राहिले. बाबा आतल्या दारात येऊन उभे राहिले, एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि आत गेले.

मग ते रोजचंच झालं. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की आईने मला थोरली म्हणून हाक मारल्याला किती काळ लोटला, हे मला आठवत नाही. ती माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, औषधं हातात द्यायची. पण हाक मारायची नाही. त्या घरात एक मुलगी ऐकू येत होती आणि दुसरी नुसती दिसत होती. तुम्हीच सांगा, यांतली जिवंत कुठली म्हणायची?

पुढच्या तपासणीला बाबा माझ्याबरोबर इथे आले होते. बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघत बसलो होतो. मी त्यांना म्हटलं, "बाबा, मी धाकटीसारखी चालते. तुम्हाला कळतंय का?" त्यांनी हातातला नंबराचा कागद दुमडला. मग म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलंय."

त्यांनी सांगितलं ते असं. खुब्याची एक बाजू मोडली तर दुसऱ्या बाजूचं आरशातलं प्रतिबिंब घेऊन मोडलेली बाजू जुळवतात. माझ्या दोन्ही बाजू मोडल्या होत्या. तेव्हा तळघरातून एक बाई वर आल्या. धाकटी जाऊन तेव्हा एकच दिवस झाला होता. त्या बाबांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या एका मुलीचा आकार दुसरीसाठी वापरला तर चालेल का?" आणि बाबा म्हणाले होते, "विचारता काय? दोघी एकमेकींचेच कपडे घालायच्या."

"आईला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. तिची तेव्हा काही सांगण्यासारखी स्थिती नव्हती. नंतर माझा धीर झाला नाही."

मी नंबर सोडून उठले आणि पायऱ्या उतरून तळघरात गेले. गरम प्लास्टिकचा वास येणारी ती खोली तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. भिंतभर फळ्या आणि त्यांवर माणसांची पांढरी कंबरडी. बाई डबा उघडून बसल्या होत्या. मी कोण, काय, काहीही न सांगता ओरडले, "माझा आकार मला परत द्या!"

बाईंनी डबा बंद केला. मला आपादमस्तक नाही, फक्त कमरेपासून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "या. ही खुर्ची जरा उंच आहे, हिच्यावर बसा. खाली वाकताना दुखतं का?"

त्यांनी मला माझ्या खुब्यावरून ओळखलं होतं. मी आणखी चिडले. मी काय काय बोलले ते आज सांगवत नाही. माझ्या मेलेल्या बहिणीला माझ्या अंगात कुणाला विचारून घातलं, इथपर्यंत बोलले. बाई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी पडद्यावर एक चित्र उघडलं. पांढरे तुकडे, हवेत तरंगत असल्यासारखे. लहान-मोठे.

"हा तुमचा स्कॅन," त्या म्हणाल्या. "तुम्ही आकार परत मागताय. तुमचा आकार माझ्याकडे कधी नव्हताच. हे एवढंच होतं. आमच्याकडे शेकडो लोकांच्या खुब्यांवरून काढलेला एक सरासरी आकार आहे. मी आधी तुमचे तुकडे त्याच्यावर बसवून बघितले. तुम्हीच बघा."

तुकडे एका राखाडी उखळावर जाऊन बसले. कडा वर आल्या होत्या, मध्ये फटी होत्या. एक तुकडा तर कुठेच मावत नव्हता.

"सरासरी आकार कुणाचाच नसतो," बाई म्हणाल्या. "मग मी तुमच्या बहिणीचा घेतला."

त्यांनी कळ दाबली. तुकडे हलले आणि एकेक करून जागेवर गेले. न मावणारा तुकडाही गेला. फटी मिटल्या. मी बघत राहिले. बाईही बघत होत्या, आणि त्यांनी हे याआधी कितीतरी वेळा बघितलेलं असणार.

"पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी खोलीबाहेर गेले," त्या म्हणाल्या. "तोंड धुतलं आणि परत आले. नीट ऐका. तिचा आकार मी तुमच्यावर लादला असता तर तुमचे तुकडे त्यात बसले नसते. ते बसले, याचा अर्थ तो आकार तुमचाही होता. तुमच्याकडे मोडला होता, तिच्याकडे शाबूत राहिला होता. जे दिसत नाही ते दोन्ही बाजूंवरून काढायचं असतं. मी एवढंच केलं."

"मग चाल? माझी चाल कुठे गेली?"

बाई म्हणाल्या, "चाल फक्त खुब्यात नसते. स्नायूंत असते, सवयीत असते, डोक्यात असते. तुम्ही महिनोन् महिने झोपून होतात, सगळं विसरून पुन्हा शिकलात. पण शिकलात ती तिचीच का, हे मला सांगता येणार नाही. मला आकार मोजता येतो. त्यापुढचं मला मोजता येत नाही."

मी म्हटलं, "मी वळणावर थांबते. तीही थांबायची. ते कुठून आलं?"

त्यांनी मान हलवली. "माहीत नाही," म्हणाल्या. मोठ्या माणसांकडून मी खूप उत्तरं ऐकली आहेत, पण हे उत्तर देणाऱ्या त्या पहिल्याच. मग त्यांनी विचारलं, "आई कशा आहेत?" आणि मला रडू फुटलं. मटारांपासून सगळं सांगितलं.

त्यानंतरच्या आठवड्यात बाई आमच्या घरी आल्या. कुणी पाठवलं नव्हतं, कामाचा भाग नव्हता. खांद्याला कापडी पिशवी. बाबांनी आईला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं आणि तेव्हापासून आई कुणाशीही एक शब्द बोललेली नव्हती. बाई तिच्यासमोर बसल्या आणि पिशवीतून पांढरं प्लास्टिकचं एक हाड काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

आई म्हणाली, "हे तिचं?"

"आकार तिचा आहे. हाड नाही."

आईने दोन्ही हातांनी ते उचललं. वजन केल्यासारखं खालीवर केलं. मग उखळात बोट घातलं आणि काठाकाठाने हळूहळू फिरवलं. बाईंनी पिशवीतून दुसरं काढलं आणि तेही तिच्या मांडीवर ठेवलं.

"आणि हे?"

"हिचं. जोडल्यानंतर नवा स्कॅन काढला, त्यावरून केलंय."

आई दोन्हींकडे बघत राहिली. नुसतं बघून फरक कळण्यासारखा नव्हता. मग तिने डोळे मिटले. ते मिटलेले डोळे मला माहीत होते. तिने पहिल्यात बोट फिरवलं. मग दुसऱ्यात. पुन्हा पहिल्यात. पुन्हा दुसऱ्यात, आणि एका जागी थांबली.

"इथे खरखर लागतेय."

"तिथे जोड आहे," बाई म्हणाल्या. "हाड भरून आलं की रेघ राहते. मी ती घासून गुळगुळीत करू शकले असते. केली नाही."

आईने बोट त्या रेघेवरून नेलं, जिथवर रेघ होती तिथवर. मग दुसरी रेघ सापडली, मग तिसरी. डोळे मिटलेलेच होते. ती म्हणाली, "किती लागलंय हिला." आणि मग, "थोरले, इकडे ये."

एवढंच. मी जाऊन तिच्याजवळ जमिनीवर बसले, जिथे बसायला मला सक्त मनाई होती, आणि बाईंनी मला ओरडायचं सोडून खिडकीबाहेर बघितलं.

यानंतर सगळं छान झालं, असं सांगून मी टाळ्या घेऊ शकते. पण ते खरं होणार नाही. आईने मला फेऱ्या मारायला पुन्हा कधी सांगितलं नाही. हाक मारते. पण पावलं बदलली नाहीत. मी अजून तशीच चालते. वळणावर अजून थांबते. थांबायचं नाही असं ठरवून चढते तेव्हाही वर पोचल्यावर लक्षात येतं की थांबले होते. बाबा गेले तेव्हा शेवटी ग्लानीत होते. मी खोलीत आले की ते एकीला नाही, दोघींना बसायला सांगायचे. मी बसायची. शेजारची खुर्ची रिकामी ठेवायची.

आता आजच्या दिवसाकडे येते. गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मी निवृत्त होतेय. जुने आकार नव्या यंत्रणेत न्यायचेत. नव्या नियमाप्रमाणे जवळच्या नातेवाइकाची परवानगी नसेल तर पुसायचे. तुमच्या बहिणीचा आकार तुमच्यानंतरही आमच्या कामी आला आहे, कारण इतका शाबूत खुबा क्वचित मिळतो. सरासरीतही तो आहे. ठेवायचा की पुसायचा, ते तुम्ही ठरवा. माझं काहीच म्हणणं नाही."

मी आईला विचारलं. मला वाटलं होतं, ती लगेच सांगेल. तिने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "मला विचारशील तर मी ठेवच म्हणेन. म्हणून मला विचारू नकोस. माझं ठेवणं तुला किती जड गेलंय, ते मी बघितलंय. तू ठरव. तू ठरवशील ते मला चालेल."

मी या महिन्यात अनेकदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. पुसा म्हणावं असं खूप वाटलं. वाटलं, तिथे पुसलं की कदाचित व्हरांड्यातलं चालणंही थांबेल. मग काल मी आमच्या वर्गातल्या मुलींकडे बघत होते. मधल्या सुट्टीत जिन्यावरून उड्या मारत उतरत होत्या. त्यांतल्या कुणाच्या वाट्याला असं काही येऊ नये. पण आलं, आणि तिला बहीण नसली, तर?

तेव्हा बाई, इतक्या लोकांसमोर सांगते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. धाकटीचा आकार ठेवा. जिला लागेल तिच्यासाठी वापरा. माझी एकच अट आहे. तो कुणासाठी वापरला ते मला कधीही कळवू नका. चुकूनसुद्धा नको. कळलं तर मी शाळा सोडून, आईला सोडून, जिच्या अंगात तो गेला तिच्या मागे मागे चालत राहीन.

बाईंना निवृत्तीच्या शुभेच्छा द्यायच्या असतात हे मला ठाऊक आहे. त्या देतेच. पण त्याहून जास्त, जे तुम्हाला माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणालात, आणि ती रेघ घासून टाकली नाहीत, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. मोठ्या डॉक्टरांची, परिचारिका ताईंची, व्यायामाच्या बाईंची आणि मला इथे उभं करणाऱ्या संयोजकांची मी आभारी आहे. आनंदाच्या समारंभात रडवणारं बोलले, वेळेचं भान राहिलं नाही, कुणाचा उल्लेख सुटला असेल, कुणाबद्दल अधिक-उणं निघून गेलं असेल, तर ते सगळं पदरात घ्या आणि मोठ्या मनाने विसरून जा. इथून माझी खुर्ची जरा लांब आहे. मी चालत जाईपर्यंत कृपा करून कुणी टाळ्या वाजवू नका. आईने डोळे मिटले आहेत.